चांगला आहे, पण…

मामाचं पत्र

प्रिय भाचरांनो,

मागच्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच दार धाडकन उघडलं. पाहतो तर चिमी! नेहमीच्या वाचकांना चिमी ठाऊक आहेच. माझी सख्खी भाची, इयत्ता आठवी, राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

"मामा, मोठी माणसं खोटं का रे बोलतात?"

आता असा प्रश्न आल्यावर कसली झोप नि कसलं काय! उठून बसलो.

झालं होतं असं. चिमीच्या आईची भिशी लागली होती. दीड वर्ष वाट पाहून हाती आलेले ३० हजार रुपये. त्यातून घरात लॅपटॉप घ्यायचं ठरलं. चिमीला अभ्यासाला, बाबांना दुकानाच्या हिशेबाला आणि धाकट्या बंडूला नुसतंच मध्ये मध्ये करायला. बाबांनी एक लॅपटॉप बघून त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं आणि चिमीला म्हणाले, "गावात हाच लॅपटॉप कोणाकोणाकडे आहे ते शोध, आणि कसा आहे ते विचारून ये."

चिमी तीन घरं फिरून आली होती.

"शिकवणीच्या बाई म्हणाल्या, झकास आहे, डोळे मिटून घ्या. कोपऱ्यावरचा कॉलेजातला दादा म्हणाला, चुकूनही घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. आणि पोस्टातले काका म्हणाले, चांगला आहे, पण… आणि मग डोकंच खाजवत बसले! लॅपटॉप एकच, मॉडेल एकच, तर उत्तरं तीन कशी? कोणीतरी थापा मारतंय. आणि मामा, आईला परत भिशी लागायला किती दिवस लागतील, माहितीये का?"

शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला. रागाचं खरं कारण ते होतं. निवड चुकली तर आईचे पैसे वाया, आणि विचारून आली होती चिमी.

"कोणीही थापा मारत नाहीये," मी म्हटलं. "बस इथे. तुला एका लॅपटॉपची गोष्ट सांगतो. त्याचे मालक होते लाखो, आणि बहुतेक सगळे तुझ्याहून लहान. त्यांना विचारलं असतंस ना, तरी हीच तीन उत्तरं मिळाली असती."

चिमीला सांगितलेली ती गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

प्रत्येकाची आपली पाटी

अमेरिकेत एमआयटी नावाची नामांकित संस्था आहे. तिथे सीमोर पॅपर्ट नावाचे गणितज्ञ होते. ते म्हणत, संगणकाने मुलांना शिकवण्यापेक्षा मुलांनी संगणकाला शिकवावं, त्यात जास्त मजा आहे आणि जास्त शिक्षणही. १९६७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. त्यातल्या कासवाला सांगायचं, इतकं पुढे जा, इतकं वळ. कासव चालतं आणि मागे रेघ उमटते. तुमच्या आईबाबांपैकी काहींनी शाळेत हे कासव पळवलंही असेल. विचारून बघा.

त्याच संस्थेतले निकोलस निग्रोपाँटी यांनी जानेवारी २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथे एक कल्पना जगापुढे मांडली. जगातल्या गरीब मुलांसाठी १०० डॉलरचा लॅपटॉप तयार करायचा. तेव्हाच्या हिशेबाने हे साधारण ४,४०० रुपये झाले. योजनेचं नावच होतं 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', म्हणजे दर मुलामागे एक लॅपटॉप.

तुम्ही म्हणाल, दर मुलामागे एक कशाला? शाळेत एक खोली करावी, चार संगणक ठेवावेत, पाळीपाळीने वापरावेत. आता असं बघा, तुमच्या वर्गात चाळीस मुलं आणि पाटी मात्र एकच असती, तर? आठवड्यातून एकदा पाच मिनिटं हातात आली असती. अक्षर कधी वळलं असतं? पाटी आपली असली, दप्तरात घालून घरी नेता आली, तरच ती गिरवून गिरवून हात बसतो. लॅपटॉपचंही तसंच, असं या मंडळींचं म्हणणं.

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिशिया देशात एका जागतिक परिषदेत या लॅपटॉपचा नमुना दाखवला गेला. हिरवा रंग आणि बाजूला पिवळं हँडल! वीज नसलेल्या गावात हँडल फिरवून वीज तयार करायची. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सगळ्यांसमोर ते हँडल फिरवायला घेतलं, आणि ते त्यांच्या हातातच निखळून आलं!

चिमी इथे खो खो हसली. हसा तुम्हीही. पण नमुना म्हणतात तो यासाठीच. दाखवायला करतात, आणि त्यात काय मोडतं तेही कळतं. पुढे मुलांच्या हातात जो लॅपटॉप आला त्याला हँडल नव्हतं.

हिरवा लॅपटॉप

२००७ च्या नोव्हेंबरात हे लॅपटॉप कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. नाव 'एक्सओ'. पांढरा-हिरवा, वजन दीड किलोच्या आत, पकडायला मूठ. झाकणावर एक्स आणि ओ ही अक्षरं, त्यांच्या रंगांच्या जोड्या वेगवेगळ्या, म्हणजे वर्गात आपला लॅपटॉप चटकन ओळखता यावा. वर दोन हिरवे कान. हे कान म्हणजे शोभा नव्हे बरं का! ते त्याचे अँटेना. मिटले की तारा जोडायची भोकं झाकली जायची आणि धूळ आत जायची नाही.

त्याच्या काही करामती आजही नवल वाटाव्यात अशा होत्या.

आपल्या मोबाइलचा पडदा भर उन्हात दिसत नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. पडद्याचा स्वतःचा जो उजेड असतो त्याचं उन्हापुढे काही चालत नाही. या लॅपटॉपच्या पडद्याची रचना मेरी लू जेप्सन या शास्त्रज्ञ बाईंनी अशी केली, की उन्हात तो बाहेरचाच उजेड परत पाठवायचा, अगदी कागदासारखा. रंग जायचे, चित्र काळं-पांढरं व्हायचं, पण अक्षर स्वच्छ दिसायचं. झाडाखाली शाळा भरत असली तरी अडचण नाही!

आत गरगर फिरणारी हार्ड डिस्क नव्हती आणि पंखाही नव्हता. हलणारं काही नाही, म्हणजे आपटून मोडायचं भय तेवढं कमी. कीबोर्ड रबराचा, सलग, फटी नसलेला. पाणी सांडलं तर पुसून टाका. आणि जवळजवळचे लॅपटॉप एकमेकांशी आपसांत बोलू शकत. एकाचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, अगदी आपण वर्गात चिठ्ठी सरकवतो तसा.

"मग तर मस्तच होता!" चिमी म्हणाली.

"थांब," मी म्हटलं, "अजून मालकांना कुठे विचारलंय?"

मालक काय म्हणाले?

पहिली तक्रार किमतीची. शंभर डॉलर म्हणता म्हणता तो पडला १८८ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साडेसात हजार रुपयांच्या आसपास. बाजारातल्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तच, पण ज्या सरकारांना लाखांनी घ्यायचे त्यांचा हिशेब पार बदलला.

अमेरिकेत २००७ च्या शेवटी एक योजना निघाली. ३९९ डॉलर भरा, एक लॅपटॉप गरीब देशातल्या मुलाला जाईल, एक तुम्हाला मिळेल. ज्यांनी घेतला ते उन्हात दिसणाऱ्या पडद्यावर खूश होते. पण कीबोर्ड मुलांच्या बोटांच्या मापाचा, मोठ्या माणसांचं एक बोट एकदम दोन कळांवर पडायचं. बोट फिरवायच्या पट्टीवरचा बाण मध्येच उड्या मारायचा. काहींच्या कळा अडकून बसायच्या. आणि एखादा प्रोग्रॅम सुरू व्हायला इतका वेळ, की तेवढ्यात चहा होईल!

आता दक्षिण अमेरिकेत चला. उरुग्वे नावाचा चिमुकला देश आहे. मे २००७ मध्ये तिथल्या व्हिला कार्दाल या छोट्या गावातल्या शाळेपासून वाटप सुरू झालं, आणि २००९ साली सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांच्या हातात लॅपटॉप होता. योजनेचं नाव 'प्लान सेइबाल'. सेइबो हे त्या देशाचं राष्ट्रीय फूल, आपल्या पांगाऱ्याचा चुलतभाऊच म्हणा. मुलं लाडाने लॅपटॉपला 'सेइबालिता' म्हणायची. शाळा सुटली तरी शाळेबाहेर फुटपाथवर मांडी घालून बसायची, कारण शाळेचं इंटरनेट भिंतीबाहेरही मिळायचं.

तिथे लॅपटॉप मोडले नाहीत का? भरपूर मोडले. पडदे फुटले, चार्जर गेले, कीबोर्डचं रबर फाटलं. मुलंच ती! पण उरुग्वेने नुसते लॅपटॉप वाटले नव्हते. शाळांमध्ये इंटरनेट पोचवलं, शिक्षकांना शिकवलं, दुरुस्तीची सोय उभी केली. हे सगळं लगेच जमलं असं नाही, पण मागे लागून केलं. तो पांढरा-हिरवा लॅपटॉप केव्हाच जुना झाला, पण सेइबालचं काम थांबलं नाही.

शेजारच्याच खंडभागातला दुसरा देश पेरू. त्याने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले, एवढे दुसऱ्या कोणत्याही देशाने घेतले नाहीत. डोंगरातल्या, आडवाटेच्या शाळांनाही दिले. पण अशा कित्येक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि शिक्षकांना मिळालेलं प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचं. मोडला तर, चोरीला गेला तर, या भीतीने बऱ्याच ठिकाणी मुलांना लॅपटॉप घरी नेऊच देत नसत. म्हणजे पाटी आपली, पण कपाट शाळेचं!

तिथल्या खेड्यांतल्या ३१९ शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी केला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. काही शाळांत लॅपटॉप होते, काहींत नव्हते. साधारण सव्वा वर्षाने दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. मात्र डोकं चालवायच्या कोड्यांसारख्या चाचण्यांत लॅपटॉपवाली मुलं थोडी पुढे होती.

म्हणजे काय? लॅपटॉप तोच. तोच पडदा, तेच कान. उरुग्वेतली मुलं त्याला लाडाचं नाव देतात, आणि पेरूतल्या एखाद्या शाळेत तो कपाटात धूळ खातो.

आपल्याकडे काय झालं? भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ सालीच ही योजना घ्यायला नकार दिला. आधी वर्गखोल्या हव्यात, शिक्षक हवेत, असं त्यांचं म्हणणं. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत हे हिरवे लॅपटॉप प्रयोगादाखल आले होते. आणि आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये २००८ पासून काही शाळांत ते वापरले गेले. तिथल्या मंडळींना कळलं, की नुसतं यंत्र देऊन भागत नाही, त्यात आपल्या भाषेतले आपले धडे हवेत. म्हणून त्यांनी नेपाळीत धडे आणि खेळ तयार केले. त्याला नाव काय दिलं, ठाऊक आहे? 'ई-पाटी'! आपली पाटी ती त्यांचीही पाटीच.

चुकलं कुठे?

गोष्ट संपली. चिमी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीवर गोल काढत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मामा, मी प्रश्नच चुकीचा विचारला."

"चुकीचा नाही गं, अर्धवट. 'कसा आहे?' म्हटलं की माणूस लॅपटॉपबद्दल सांगत नाही, स्वतःबद्दल सांगतो. त्याचं काम झालं की झकास, अडलं की भंगार. तू विचारायचंस, तुमचं काम कोणतं आणि अडलं कुठे."

मग आम्ही दोघांनी मिळून वहीच्या पानावर चार प्रश्न लिहिले.

१. तुम्ही तो कशासाठी वापरता?

२. किती दिवसांपासून वापरता? (नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच गोड असतात!)

३. कुठे वापरता? वीज, ऊन, धूळ, इंटरनेट यांचं तिथे कसं आहे?

४. बिघडला का? बिघडला तेव्हा कोणाकडे नेला, किती दिवस लागले, किती पैसे गेले?

आणि पाचवा प्रश्न मी चिमीलाच विचारला. "तुला तो कशासाठी हवाय?"

"अभ्यासासाठी."

मी काहीच बोललो नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

"बरं बाबा, अभ्यासासाठी… आणि चित्रं काढायला… आणि गोष्टी लिहायला. आणि थोडे खेळ. थोडेच!"

"हे लिही," मी म्हटलं. "स्वतःला खोटं सांगून वस्तू आणली, की पुढे तिच्यावरच चिडायची वेळ येते."

पुन्हा तीच तीन घरं

संध्याकाळी चिमी परत तीच तीन घरं हिंडली. या वेळी वही घेऊन.

शिकवणीच्या बाई त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करतात. रोज दोन तास, टेबलावर ठेवून, वायर कायम लावलेली. घरी इन्व्हर्टर आहे. चार महिने झाले, बिघाड नाही. त्यांच्यासाठी तो झकासच!

कॉलेजातला दादा मोठमोठे खेळ खेळतो. लॅपटॉप तापतो आणि अडकतो. शिवाय एकदा पलंगावरून पडला आणि पडद्याची बिजागरी तुटली. तालुक्याला भाग मिळेना. जिल्ह्याला पाठवला, तीन आठवडे लागले. परीक्षेच्या ऐन तोंडावर. तो का चिडला असेल, हे आता चिमीला कळलं.

आणि डोकं खाजवणारे पोस्टातले काका? ते तर सगळ्यात कामाचे निघाले! दोन वर्षं वापरतायत, घरच्या हिशेबाला आणि मुलाशी बोलायला. पडदा छान, आवाज छान. "पण बाळ," ते म्हणाले, "आता बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही. आणि नवी घालायची तर इथला मेकॅनिक म्हणतो, या मॉडेलची माझ्याकडे येत नाही."

चिमीच्या गल्लीत आठवड्यातून एक दिवस देखभालीसाठी वीज जाते ती संध्याकाळीच येते. पावसाळ्यात तर विचारूच नका. घरी इन्व्हर्टर नाही. बाईंना जी गोष्ट कधी जाणवलीही नाही, ती चिमीच्या घरी रोजची डोकेदुखी झाली असती. सकाळी जो 'पण…' तिला पळवाट वाटला होता, त्याच्या पुढेच तिच्या कामाचं उत्तर होतं. फक्त पुढचं ऐकायला ती थांबली नव्हती.

चिमीने बाबांना सगळं वाचून दाखवलं. मग दोघं थेट त्या मेकॅनिककडेच गेले आणि विचारलं, "दुरुस्तीला तुम्हाला सोपा पडतो, भाग इथेच मिळतात, असा कोणता?" त्याने दोन नावं सांगितली. त्यातला एक घेतला २६ हजारांना. दिसायला तो पहिल्याइतका देखणा नाही, आणि वजनाला जरा जडच. उरलेले चार हजार आईने डब्यात ठेवले, वर चिठ्ठी लावून : 'लॅपटॉपची बॅटरी. कोणी हात लावू नये.'

परवा चिमीने मला वही आणून दाखवली. डाव्या पानावर 'चांगलं', उजव्या पानावर 'वाईट', तारखा घालून. डावीकडे लिहिलंय : 'वीज गेली तरी साडेचार तास चालला. बाबांचा महिन्याचा हिशेब एका रात्रीत झाला. मोराचं चित्र पूर्ण.' उजवीकडे : 'जड आहे. पंख्याचा आवाज येतो. बंडू सोडत नाही.'

"शेवटचा दोष लॅपटॉपचा नव्हे," मी म्हटलं.

"माहितीये," चिमी म्हणाली. "पण उद्या कोणी मला विचारायला आलं, तर सगळं खरं सांगता यायला हवं ना?"

तर भाचरांनो, या आठवड्याचं काम. घरातली एक वस्तू निवडा. मिक्सर, सायकल, शिलाई मशीन, काहीही. घरातल्या तीन माणसांना ते चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून काढा. आईचं आणि बाबांचं मत एक निघतं का बघा! आणि मोठ्यांनाही एक विनंती. पोरांनी पुढच्या वेळी काही मागितलं, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी वही हातात द्या.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
मामा